कोमट धान

उसन्या, म्हणजे उकड्या, तांदळाचा भात मी चाळीस वर्षांत खाल्लेला नाही. लग्नाच्या पंगतीत पानावर आला तर बाजूला सारतो आणि पोटाला जमत नाही असं सांगतो. बायकोनं ते खरं मानलं, पुढे मुलांनी मानलं, आणि आता सुना माझ्यापुरता वेगळा भात शिजवतात. पोटाचा त्यात काही संबंध नाही. तो तांदूळ ज्या धानापासून होतो ते हौदातून काढून वाफवलं की त्याला एक वास येतो, भिजलेल्या पोत्यासारखा, जरा आंबूस आणि जरा गोड. त्या वासात माझं लहानपण गेलं आणि त्याच वासात मी एक गोष्ट केली. तिच्याबद्दल जे घरी सांगितलं ते अर्धं होतं. उरलेलं अर्धं इथे लिहितो आहे.

आम्ही मूलच्या एका राइस मिलच्या आवारात राहत होतो. मिलच्या मागच्या भिंतीला लागून सहा खोल्यांची कौलारू चाळ होती आणि आमची खोली शेवटची, बॉयलरच्या अगदी शेजारी. बाबा बॉयलरवर होते. मी पाचवीत असताना ते गेले आणि त्यांची जागा माझ्या मोठ्या भावाला, दादाला मिळाली. भट्टीत धानाचाच कोंडा जळायचा. हिवाळ्यात आमच्या खोलीची एक भिंत हाताला उबदार लागायची आणि माय तिला पाठ लावून बसायची. उन्हाळ्यात त्याच भिंतीला शिव्या द्यायची. सकाळी भोंगा झाला की मशीनचा पट्टा फिरायला लागे आणि चाळ बारीक थरथरू लागे. मांडणीवरची भांडी दिवसभर एकमेकींना लागून किणकिणत असत. ते आम्हाला ऐकू येत नसे. मिल बंद पडली की मात्र सगळे दचकून बाहेर यायचे, काय झालं म्हणून.

मिलमधली माणसं चांगला तांदूळ खात असतील असं बाहेरच्यांना वाटायचं. आम्ही कणकी खायचो, म्हणजे कांडताना फुटलेले तुकडे. तिचा भात मोकळा होत नाही, गोळा होतो. वर लाखोळीची डाळ, थंडीत पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा, नाहीतर अंबाडीची भाजी. माझी वहिनी त्या कणकीची आंबील करायची, लसणाची फोडणी देऊन, आणि ती इतकी चांगली व्हायची की चाळीतल्या बाया गंज, म्हणजे पातेली, घेऊन यायच्या. वहिनी वैनगंगेपलीकडची, गडचिरोलीच्या बाजूच्या जंगलालगतच्या एका खेड्यातली. ती लग्न होऊन आली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. माझ्या डोक्याला तेल लावणं, शर्टाच्या गुंड्या शिवणं, मायनं हात उगारला की मध्ये येणं, हे सगळं तिनं न सांगता आपल्याकडे घेतलं. मला ती बाबू म्हणायची. मी दहावीत गणितात नापास झालो आणि ऑक्टोबरच्या परीक्षेतही पुन्हा उडालो तेव्हा दादा दोन दिवस बोलला नाही. वहिनी चुलीपाशी बसून मोठ्यानं म्हणाली, "गनितच तं राह्यलं ना, बापा. गनित का मानसाले खाऊन टाकते? मले कोनतं येते? तरी तुमचा भात मोजूनच शिजते ना?" दादा हसला आणि प्रकरण मिटलं.

त्या हिवाळ्यात म्हणूनच मी घरी होतो. मार्चच्या परीक्षेपर्यंत मला काही काम नव्हतं. माय आणि वहिनी मिलच्या पटांगणावर जायच्या आणि वहिनीची दोन वर्षांची मुलगी सुजाता माझ्याजवळ असायची. सुजी तिचं नाव आम्ही केलं. ती माझ्या पाठीवर बसून सगळं आवार फिरायची आणि बॉयलरच्या चिमणीकडे बोट दाखवून "बाबा, बाबा" म्हणायची, कारण तिचा बाप तिथे असतो एवढं तिला कळलं होतं.

पटांगणाबद्दल सांगायला हवं. वाफवलेलं धान गाड्यातून आणून सिमेंटच्या मोठ्या अंगणावर पसरायचे. बाया अनवाणी पायांनी त्यात चालत, पाय घासत, त्याच्या रेघा पाडत, म्हणजे ते सारखं वाळावं. ताजं धान हाताला चटका देई. तासाभरानं ते कोमट होई आणि मग त्याच्यासारखं सुख नाही. कोमट धान हे आमच्या मिलचं औषध होतं. म्हातारे हमाल गुडघे त्यात पुरून बिडी ओढायचे. बाया कंबर दुखली की ढिगाला टेकून पाच मिनिटं डोळे मिटायच्या. कुणाला थंडी वाजून आली, खोकला झाला, की मुकादम म्हणायचा, "जा, धानात बस जरा." मिलचा मुनीमसुद्धा कोणी बघत नाही असं पाहून त्यात तळपाय घालून उभा राही. आमच्या घरात भगत, अंगारा, उतारा काही चालत नव्हतं. बाबांनी ते सगळं मुलं व्हायच्या आधी घराबाहेर काढलं होतं. पण कोमट धानाला कोणी अंधश्रद्धा म्हटलं नसतं. ते आम्ही स्वतःच्या अंगावर अनुभवलेलं होतं.

त्या दिवशी सुजी सकाळपासून मलूल होती. वहिनीनं कामावर निघताना तिच्या गळ्याला हात लावला.

"कसर हाये, बाबू. झोपू देजो तिले. पानी पाजत राहाजो. मी आज तिकडल्या गोदामात हावो, पोते शिवाले."

"जा ना तू. मी हावो ना."

"आन बाहेर नोको फिरवू."

गोदाम रस्त्यापलीकडे होतं. माय पण तिच्याबरोबर होती आणि दादा बॉयलरवर. दुपारी सुजीचं अंग तापलं आणि ती कुडकुडायला लागली. दात वाजत होते. मी तिला स्वेटर घातलं, वरून वहिनीची शाल गुंडाळली, तरी ती काही थांबेना आणि मला सोडेना. माझ्या गळ्यात हात घालून सारखी कण्हत होती. तेवढ्यात रस्त्यावर नाटकाची जीप आली. आमच्या झाडीपट्टीत हिवाळा म्हणजे नाटकांचे दिवस. जीपला भोंगे लावलेले असत, नटीचं नाव तीन-तीनदा घेतलं जाई, गुलाबी कागद उधळत, आणि आम्ही पोरं त्या जीपमागे नाक्यापर्यंत पळत जायचो. त्या वर्षीचे सगळे कागद मी जमवले होते. त्या नाटकाचा राहिला होता.

मी सुजीला घेऊन पटांगणावर आलो. कडेला धानाची एक रास होती, कोमट झालेली. मी हातानं खळगा केला, तिला शालीसकट त्यात बसवलं, छातीपर्यंत धान ओढलं आणि वरून बारदान्याचं एक पोतं टाकलं. तिचं कुडकुडणं कमी झालं. तिनं डोळे मिटले. हे मी बचावासाठी सांगत नाही. तिला बरं वाटलं हे मला दिसलं म्हणून मी गेलो, पण मुळात मी तिला तिथे बसवलं ते मला जायचं होतं म्हणून. या दोन गोष्टी मी इतकी वर्षं एकमेकींत कालवत आलो. आज त्या वेगळ्या करून ठेवतो.

कागद घेऊन परत आलो. अर्धा तास झाला असेल, कदाचित जास्त. दुरून मला आधी धान दिसलं. राशीचा तेवढाच भाग हलत होता, चाळणीवर हलावा तसा, आणि दाणे खाली घरंगळत होते. पोतं बाजूला पडलं होतं. सुजीचे डोळे वर गेलेले, दातखीळ बसलेली, ओठांना फेस, आणि हातपाय एका लयीत झटके देत होते. अंग इतकं तापलेलं की मी उचलताना दचकलो. मी ओरडलो की नाही आठवत नाही. तिला छातीशी धरून मी फाटकातून दवाखान्याकडे पळालो. दोन गल्ल्या पलीकडे होता. वाटेत कुठेतरी तिचे झटके थांबले आणि ती माझ्या हातात ओल्या कपड्यासारखी लोंबली. मला वाटलं, मेली.

दवाखान्यातला डॉक्टर नवा होता, बाहेरून आलेला, रेडिओवरच्यासारखं मराठी बोलणारा. त्यानं पहिल्यांदा तिचं स्वेटर काढलं. शाल फेकली. स्वेटरमधून धानाचे दाणे टेबलावर पडले. त्यानं तिला कुशीवर वळवलं, तोंड पुसलं, नर्सला साध्या पाण्यात फडकं भिजवून अंग पुसायला सांगितलं, तापाचं औषध दिलं, बोटातून रक्त घेतलं. थोड्या वेळानं सुजी रडली. ते रडणं ऐकून मी भिंतीला टेकून खाली बसलो.

"हे धान कुठलं?" डॉक्टरनं विचारलं.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, नाटकाची जीपसुद्धा. अख्ख्या आयुष्यात तेवढा एकच माणूस, ज्याला मी तेव्हाच खरं सांगितलं.

तो रागावला नाही. माझ्यासमोर स्टूल ओढून बसला आणि एकेक बोट मोजत बोलला. ताप आलेल्या मुलाला गुंडाळायचं नाही, उबेत ठेवायचं नाही, कपडे सैल करायचे, अंग पुसायचं. झटका आला तर कुशीवर वळवायचं, आणि तोंडात काहीही घालायचं नाही, चमचा नाही, पाणी नाही, औषध नाही, बोट नाही. बहुतेक वेळा झटका दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो. पाच मिनिटांवर गेला तर उचलून दवाखान्यात आणायचं. आणि शेवटचं, ही मिरगी नाही, तापाचा झटका आहे, पुष्कळ मुलांना येतो, काही घराण्यांत जास्त येतो, पाच-सहा वर्षांची झाली की जाईल, पुढे काही राहत नाही. "लक्षात राहील?" मी मान हलवली. मग तो म्हणाला, "उद्या हिच्या आईला माझ्याकडे पाठव. मी तिला समजावून सांगतो. घाबरली असेल."

घरी येताना मी सुजीच्या अंगावरचं धान झटकलं. बोटांच्या बेचक्यांतून, कानामागून, फ्रॉकच्या शिवणीतून. सगळं निघालं असं मला वाटलं.

तोवर मिलमध्ये बातमी पसरली होती. माय आणि वहिनी रस्त्यात धावत भेटल्या. वहिनीनं सुजीला माझ्या हातातून ओढून घेतलं आणि तिथेच, रस्त्याच्या मधोमध, खाली बसली.

"काय झालं रे? काय झालं माझ्या लेकराले?" माय विचारत होती.

"झटका आला. दवाखान्यात नेलं. औषध देल्लं. आता बरी हाये."

एवढंच बोललो. पुढचं वाक्य माझ्या तोंडाशी होतं, पण ते धानापासून सुरू होत होतं. डॉक्टरचं पहिलंच बोट उबेचं होतं. ते सांगितलं की कोणीतरी विचारणार, मग ही कुठी होती? आणि तेवढ्यात मुकादमानं माझ्या पाठीवर थाप मारली. "शाबास, पोट्ट्या. लेकरू वाचवलं तू!" बाया म्हणाल्या, किती पळाला बिचारा, चप्पल कुठी राह्यली त्याची. मायनं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. संध्याकाळी दादा बॉयलरवरून आला आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताखाली मी बसून राहिलो. उद्या सांगू, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी वहिनी कामावर गेली नाही आणि मी तिला दवाखान्यात जा असं म्हणालो नाही.

दोन दिवसांनी शेजारच्या एकीनं मिरगी हा शब्द उच्चारला. मग तो आमच्या खोलीत राहायलाच आला. मायला आठवलं की वहिनीनंच कधीतरी सांगितलं होतं, तिच्या धाकट्या भावाला लहानपणी झटके येत. वहिनीनं ते सहज, भाजी निवडताना सांगितलं होतं. माय वाईट नव्हती. ती घाबरली होती, आणि घाबरलेल्या माणसाला कारण लागतं. "हे तिकडूनच आलं," ती म्हणाली. "आपल्या घरात कोनाले होतं सांग?" वहिनी म्हणाली, "माझा भाऊ आता नांगर धरते, आत्याबाई. त्याले काई होत नाई." दादा म्हणाला, "मंग तिकडे कोनी बरा केला अशीन ना त्याले." असा तो विचार फिरत-फिरत तिथे येऊन थांबला. वहिनीच्या गावात झाडपाला देणारा एक म्हातारा होता. भगत नव्हे, झाडपाला, असं दादानं दोनदा सांगितलं, भिंतीवरच्या बाबांच्या तसबिरीकडे न बघता. वहिनीनं सुजीला घेऊन महिना-दोन महिने माहेरी राहावं, औषध करावं, मग यावं. काही घराण्यांत जास्त येतो, असं डॉक्टर म्हणाला होता, आणि त्याच दमात म्हणाला होता की पुढे काही राहत नाही. त्या खोलीत मी दोन्ही वाक्यं घेऊन बसलो होतो.

पोचवायला मलाच पाठवलं. एसटीत वहिनी खिडकीशी आणि सुजी तिच्या मांडीवर, पूर्ण बरी, बाहेरच्या बैलांना हाका मारत. वहिनीनं शिदोरीला कणकीच्या वड्या घेतल्या होत्या. एक मला दिली, एक सुजीला. वैनगंगा ओलांडताना पाणी फार खाली गेलेलं होतं आणि वाळूत बाया टरबुजांच्या वेलांना पाणी घालत होत्या. तिथे तिनं विचारलं.

"बाबू, डॉक्टर काई सांगत नोता का रे? काय करा, काय नाई करा?"

"नाई."

"कायच नाई?"

"औषध देल्लं तं. आनखी काय सांगन?"

ती माझ्याकडे बघत राहिली. बराच वेळ. मला वाटलं ती सुजीच्या काळजीत आहे. मी वडी चावत खिडकीबाहेर बघितलं. मग ती म्हणाली, "खाय, खाय. आनखी हाये," आणि दुसरी वडी माझ्या हातावर ठेवली.

बस जिथे थांबते तिथे तिचा भाऊ, धनराज, बैलगाडी घेऊन आला होता. हाच तो झटके येणारा. बैलांच्या वेसणी एका हातात धरून दुसऱ्या हातानं त्यानं वहिनीची पेटी गाडीत टाकली. सुजी गाडीतून मला टाटा करत होती. रस्ता सागाच्या झाडांत वळला तोवर करत होती.

मोहाची फुलं पडायला लागली त्या दिवसांत धनराज मिलवर आला. मी पटांगणाच्या कडेला गणिताचं पुस्तक घेऊन बसलो होतो. मायनं त्याला पाणी दिलं, त्यानं घेतलं नाही. उभ्या-उभ्याच बोलला. सकाळी सगळे मोह वेचायला रानात गेले होते, वहिनीसुद्धा. सुजी आजीजवळ घरी. तिला रातीपासून ताप होता. आजीनं तिला घोंगडीत गुंडाळून चुलीपाशी निजवलं आणि तिथे तिला झटका आला. आजीनं शेजारच्या दोघींना हाक मारली. एकीनं हात धरले, एकीनं चमच्यानं दात उघडले, आणि आजीनं कांद्याचा रस आणि पाणी तोंडात ओतलं, लेकरू शुद्धीवर यावं म्हणून. "पानी पोटात नाई गेलं," धनराज म्हणाला. "ठसका बी नाई लागला तिले. निळी पडत गेली." वहिनी टोपली टाकून धावत आली तेव्हा आजी चमचा हातात घेऊन तशीच बसली होती.

माय जमिनीवर बसली आणि तिनं हंबरडा फोडला. बाया धानातून धावत आल्या. पट्टा चालूच होता. मी धनराजच्या पायांकडे बघत होतो. त्याच्या टाचांना मोहाची फुलं चिकटलेली होती.

दादा जाऊन आला. वहिनी त्याच्याबरोबर परत आली नाही, आणि त्यानंही फार म्हटलं नसावं. पुढच्या वर्षी त्याचं दुसरं लग्न झालं. मी मार्चमध्ये गणितात पास झालो आणि घरच्यांनी ते मोठं मानलं. मग नोकरी, दूरचं गाव, बदल्या. माझ्या मोठ्या मुलाला दीड वर्षाचा असताना तापात झटका आला. मी त्याला कुशीवर वळवलं, कपडे काढले, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो. बायको चमचा घेऊन धावली तर तिचा हात धरून ठेवला. तिला तो हात पुढे दोन दिवस दुखत होता. दवाखान्यात तिथल्या डॉक्टरनं आम्हाला नीट बसवून सांगायला सुरुवात केली आणि मी म्हणालो, मला माहीत आहे. बाहेर आल्यावर बायकोनं विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?" मी म्हणालो, कुठेतरी वाचलं. नंतर एकदा धीर करून मी त्या डॉक्टरला धानाचं विचारलं, दुसऱ्या कोणाची हकीकत म्हणून. तो म्हणाला, झटका धानाशिवायही आला असता, कोण सांगणार. अंगाला ऊब द्यायला नको होती, पण ते मारणारं नव्हतं. तोंडात ओतलेलं पाणी मारतं. त्या उत्तरानं माझं ओझं हलकं झालं नाही. ते धानावरून उचलून नेमक्या जागी ठेवलं गेलं.

मागच्या हिवाळ्यात दादा गेल्यावर मी वहिनीला भेटायला गेलो. तिला कळवणारं दुसरं कोणी नव्हतं. धनराजच्या घराच्या एका कडेला तिची खोली आहे. डोळ्यांत मोतीबिंदू, पण आवाजावरून ओळखलं. "बाबू का रे?" चाळीस वर्षांनी. दादाचं ऐकून तिनं पदरानं डोळे पुसले आणि चहा ठेवला. धनराजची सून सांगत होती, आजूबाजूच्या तीन गावांत लेकराला तापाचा झटका आला की वहिनीला बोलावतात. ती जाते, गर्दी बाजूला काढते, लेकराला कुशीवर करते, आणि कोणी चमचा आणला तर तो हिसकून अंगणात फेकते. "मले एका नर्सबाईनं सांगतलं," वहिनी म्हणाली. "सुजी गेली त्याच्या दोन वर्सांनी. तवा मले मालूम झालं का तोंडात काई टाकाचं नसते. दोन वर्सं आंधी कोनी सांगतलं असतं तं."

मी कप हातात धरून होतो.

मग ती हसली, जुन्या वेळेसारखी. "आन एक सांगू का? धान होतं तिच्या केसात. माहेरी जायाच्या आंधी न्हाऊ घातलं तवा निघालं. वेनीच्या मुळाशी, उसनं धान. मले तवाच समजलं का तू तिले राशीत ठेवलं."

"तू बोलली काऊन नाई?"

"तुझ्या दादानं तुझी चामडी सोलली असती. नापास झाला होता आंधीच. मले वाटलं, बसमधी सांगशीन. म्हनून तं तुले मुद्दाम इचारलं. नाई सांगतलं, तं मीच मनलं, जाऊ दे. लेकराच्या हातून झालं. मी ते कवाच सोडून देल्लं, बाबू."

तिनं मला ज्याची माफी दिली होती ती गोष्ट वेगळी होती. हे सांगायला मी तोंड उघडलं आणि चहा पिऊन टाकला. परतीच्या बसमध्ये वैनगंगेवर आल्यावर मला वाटलं, इथेच तिच्याशी खोटं बोललो होतो, आणि आज पुन्हा तेच केलं.

म्हणून हे लिहायला घेतलं. वरचं सगळं लिहून झाल्यावर गेल्या आठवड्यात मी परत गेलो. तिला दिसत नाही, म्हणून मी वाचून दाखवलं. दुपारची वेळ होती, ती उन्हात खाटेवर बसली होती आणि सून आत तांदूळ निवडत होती. कणकीच्या आंबिलीचं आलं तेव्हा ती म्हणाली, "लसूनच नाई, ओवा बी टाकत होती मी." जीपचं आलं, धानाचं आलं, ती मान हलवत राहिली. डॉक्टरनं बोटं मोजली तिथे मी थांबलो. मी पाणी प्यालो आणि चारही बोटं वाचली, एकही न गाळता. मग हिच्या आईला पाठव, हे त्याचं शेवटचं सांगणंही वाचलं.

तिचे हात मांडीवर होते आणि बोटं कसलं तरी सूत उलगडल्यासारखी हलत होती.

"मले बोलावलं होतं का त्यानं?" तिनं विचारलं.

"हो."

"दुसऱ्या दिवशी?"

"हो, वहिनी."

"मी घरीच होती दुसऱ्या दिवशी," ती म्हणाली. "कामावर बी नोती गेली."

आतून सुपाचा आवाज येत होता. तो थांबला.

"मी गेली असती, बाबू," वहिनी म्हणाली. "तिले कडेवर घेऊन गेली असती मी."